सरावाच्या उतारालाही जाळी हवी

प्रति,
अध्यक्ष आणि परिषद सदस्य, आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघ, ओबरहोफेन, स्वित्झर्लंड;
तसेच सर्व सदस्य देशांचे राष्ट्रीय स्की महासंघ

महोदय, महोदया,

चिलीची राजधानी सान्तियागो. तिच्या माथ्यावरच्या अँडीज पर्वतात ला पार्वा नावाचं स्की केंद्र आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये युरोपातले डोंगर उघडे पडलेले असतात आणि तिथे हिवाळा असतो, म्हणून डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या शर्यतींचे खेळाडू तिकडे सरावाला जातात. 13 सप्टेंबर 2025 रोजी इटलीचा मातेओ फ्रान्झोझो तिथे सराव करत होता. पहिल्याच उडीवर तो पडला, जाळ्यांच्या दोन ओळी पार करून मार्गाबाहेर फेकला गेला आणि सहा-सात मीटरवरच्या एका कुंपणावर आदळला. हेलिकॉप्टरने त्याला सान्तियागोच्या रुग्णालयात नेलं. 15 तारखेला तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याला 26 वर्षं पूर्ण झाली असती.

ते सहा-सात मीटर मनातून जात नाहीत. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारा माणूस एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर कापतो, म्हणजे सात मीटरला पाव सेकंद. तेवढ्या वेळात अंग सावरणं कुणाच्याही हातात नसतं. तिथे काय उभं असावं आणि काय नसावं, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असायला हवं होतं. ते ठरवायचं काम नेमकं कुणाचं होतं, एवढंच विचारण्यासाठी हे पत्र आहे.

मी मूळची सांगलीची. नोकरीमुळे बर्नमध्ये स्थायिक झाले आणि जानेवारी आला की वेंगेनच्या डाउनहिलला जाणं हा आमच्या घरचा रिवाज झाला. पत्राची जर्मन प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवते आहे. मराठीत ते छापायला देण्यामागे कारण आहे. भारत आपल्या महासंघाचा सदस्य आहे, त्यामुळे हे प्रश्न आपल्या सभेत मांडण्याचा हक्क आमच्या देशाच्या प्रतिनिधींनाही आहे. शिवाय या खेळाशी आमचा संबंध पहिल्यापासून वेगाच्याच शर्यतीतून आला आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला भारताचा पहिला खेळाडू जेरेमी बुयाकोव्स्की 1964 मध्ये इन्सब्रुकला डाउनहिलच्या शर्यतीत होता. पाट्शरकोफेल डोंगरावरच्या त्याच मार्गावर काही दिवस आधी, सरावाच्या वेळी, ऑस्ट्रेलियाचा 19 वर्षांचा रॉस मिल्न मार्गाबाहेर जाऊन झाडावर आदळला आणि मरण पावला होता. तेव्हा मार्गाच्या कडेला आजच्यासारख्या जाळ्या नव्हत्या. मिल्नचा धाकटा भाऊ माल्कम पुढे याच खेळात राहिला आणि 1969 मध्ये व्हाल दिझेरची डाउनहिल त्याने जिंकली. त्या घराने आपल्या खेळाला काय दिलं आणि खेळाने त्या घराकडून काय घेतलं, हे एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहावं.

शर्यतीच्या दिवशी आपण जे करता त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. वेंगेनला जाळीपाशी उभं राहिलं की खेळाडू दिसण्याआधी ऐकू येतो. पाणी मुरवून दगडासारखा घट्ट केलेला बर्फ असतो आणि त्याच्यावरून स्कीच्या पोलादी कडा खरवडत येतात. मग तो समोरून जातो आणि चेहरा वळवेपर्यंत पुढच्या वळणाआड जातो. इतक्या जवळ आपण निर्धास्त उभे असतो ते मधल्या जाळ्यांमुळे. धोक्याच्या जागी खांबांना टांगलेली कायमची उंच जाळी, तिच्या आत बर्फात रोवलेल्या, धक्का बसला की खेळाडूला गुंडाळून घेत मागे सरकणाऱ्या बुटक्या जाळ्यांच्या ओळी. वाटेत जागोजागी डॉक्टर आणि स्ट्रेचर, खाली तयार असलेलं हेलिकॉप्टर. शर्यतीआधी सकाळी मार्ग पाहायला मिळतो तेव्हा खेळाडू कडेकडेने घसरत एकेक वळण डोळ्यांत साठवत उतरतात. बऱ्याच जणांचे डोळे मिटलेले आणि हात हवेत वळणं घेत असलेले दिसतात. त्यांच्याबरोबर आपले पंचही प्रत्येक जाळीची गाठ तपासत उतरत असतात. हे मी पाहिलं आहे.

ही व्यवस्था आयती आलेली नाही. 1991 मध्ये याच वेंगेनला, शेवटच्या वळणांत, ऑस्ट्रियाच्या 20 वर्षांच्या गेर्नोट राइनश्टाडलरची स्की जाळीत अडकली आणि तो गेला. त्यानंतर स्की अडकू नये अशा रीतीने जाळ्यांची मांडणी बदलली. 1994 मध्ये गार्मिशला उलरिके मायर गेली. सुपर-जीची दोन वेळची विश्वविजेती, घरी चार वर्षांची मुलगी. 2001 च्या डिसेंबरमध्ये व्हाल दिझेरला सिल्वानो बेल्त्रामेत्तीच्या स्कीची कड कडेच्या संरक्षक कापडाला चिरत गेली. तो 22 व्या वर्षी कमरेखाली कायमचा लुळा झाला, आणि न चिरणारं कापड वापरायचा आग्रह सुरू झाला. 2008 मध्ये क्विटफेलला माथियास लान्झिंगरचा पाय मोडला. योग्य उपचारापर्यंत पोहोचायला फार वेळ गेला आणि गुडघ्याखालून पाय कापावा लागला. त्यानंतर शर्यतीच्या ठिकाणच्या वैद्यकीय तयारीकडे सगळ्यांनी नव्याने पाहिलं. लान्झिंगर पुढे सोचीच्या पॅरालिंपिकमध्ये रौप्यपदकं घेऊन आला.

या सगळ्याचं फळ जानेवारी 2024 मध्ये दिसलं. नॉर्वेचा आलेक्सांडर ऑमॉट किल्दे वेंगेनच्या शेवटच्या वळणावर पूर्ण वेगात जाळीत शिरला. तीन दिवसांतली ती तिसरी शर्यत होती. असा कार्यक्रम आखणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पोटरी स्कीच्या कडेने चिरली, खांदा निखळला, नसा दुखावल्या. पण जाळीने त्याला धरलं, माणसं लगेच पोहोचली, हेलिकॉप्टरने उचललं. पुढे जवळजवळ दोन वर्षं त्याने शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांत काढली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कॉपर माउंटनला तो पुन्हा शर्यतीत उतरला. त्याच्याही आधी, 2024-25 च्या हंगामापासून, वर्ल्ड कपच्या डाउनहिल आणि सुपर-जीमध्ये एअरबॅग सक्तीची झाली होती. सूटच्या आत घातलेली ती बॅग तोल पूर्ण गेल्याचं ओळखते आणि जमिनीवर आदळण्याआधी फुगते. खेळाडूंच्यातच नाराजी असताना आपण तो नियम लागू केलात, हे चांगलं केलंत.

मग एक साधा हिशोब करून पाहा. वेगाच्या शर्यती खेळणाऱ्याला एका हिवाळ्यात डाउनहिल आणि सुपर-जी मिळून साधारण 20 शर्यती मिळतात. प्रत्येक शर्यत दीड-दोन मिनिटांची. वेंगेनची सगळ्यांत लांब, साडेचार किलोमीटरच्या आसपास, ती अडीच मिनिटांची. एकही शर्यत न चुकवणारा खेळाडू वर्षभरात एक तासही शर्यतीत नसतो. त्याची बाकीची सगळी कारकीर्द, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत, सरावाच्या उतारांवर जाते. आणि आपले पंच, आपल्या जाळ्या, आपले नियम, आपलं हेलिकॉप्टर प्रामुख्याने त्या एका तासासाठी आहे.

या खेळातले अलीकडचे बरेच मृत्यू कुठे झाले ते आठवा. ऑक्टोबर 2001: पिट्झटालच्या हिमनदीवर फ्रेंच आणि जर्मन संघ शेजारी-शेजारी सराव करत होते. त्याच वर्षी सुपर-जीची विश्वविजेती झालेली रेजीन कावान्यू वेगात खाली येत असताना मार्गावर आलेल्या जर्मन प्रशिक्षकावर आदळली आणि दोन दिवसांनी गेली. नोव्हेंबर 2017: कॅनडातल्या नाकिस्काला दाविद प्वासों. 35 वर्षांचा, 2013 च्या विश्वविजेतेपद स्पर्धेतला डाउनहिलचा कांस्यपदक विजेता. सरावात एक स्की निसटली, तो जाळ्यांतून पार गेला आणि झाडावर आदळला. ऑक्टोबर 2024: इटलीतल्या व्हाल सेनालेसला 19 वर्षांची मातिल्दे लोरेन्झी. सराव करताना तोंडावर आपटली आणि दुसऱ्या दिवशी गेली. आणि सप्टेंबर 2025 मध्ये ला पार्वा. 1964 मध्ये रॉस मिल्न झाडावर आदळला, 2017 मध्ये प्वासोंही झाडावरच आदळला. मधल्या 53 वर्षांत शर्यतीच्या मार्गावरची झाडं झाकली गेली, सरावाच्या मार्गावरची तशीच राहिली.

लग्नाच्या मांडवात आग विझवायचं साहित्य मांडून ठेवावं आणि रोज चूल पेटते त्या स्वयंपाकघरात काहीच नसावं, असं हे झालं आहे.

सरावाचा मार्ग कसा तयार होतो हे मराठी वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही, पण आपल्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. संघ स्की केंद्राकडून उताराचा एक पट्टा काही तासांसाठी भाड्याने घेतो. उजाडायच्या आत प्रशिक्षक वर पोहोचतात. पाठीवर जाळ्यांचे गुंडाळे, हातात बर्फात भोकं पाडायचा ड्रिल. आणलेल्या जाळ्या जिथपर्यंत पुरतील तिथपर्यंत लागतात. कुठे दोन ओळी लावायच्या आणि कुठे एक, हा निर्णय थंडीत गारठलेली तीन-चार माणसं घाईत घेतात, कारण ऊन चढून बर्फ मऊ व्हायच्या आत धावा पूर्ण करायच्या असतात. नंतर त्याच माणसांना सगळं काढावंही लागतं. पट्टा पुन्हा पर्यटकांसाठी खुला व्हायचा असतो. शर्यतीचा मार्ग आपण मोजून, पाहून, मान्यतापत्र देऊन मग वापरू देता. सरावाच्या मार्गाला असं पत्र लागत नाही. उडीनंतर खेळाडू कुठे टेकेल, तोल गेला तर कोणत्या दिशेला फेकला जाईल, तिथे कुंपण, लिफ्टचा खांब, खडक किंवा झाड आहे का, हे बाहेरचं कुणीही येऊन तपासत नाही. मी प्रशिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्या हातात जेवढं दिलं आहे तेवढ्यात ते काम करतात, आणि अपघात झाला की आयुष्यभराचं ओझं त्यांच्याच मनावर राहतं.

त्यात बर्फ मागे हटतो आहे. वेंगेन, किट्झब्यूल या उतारांवर दरवर्षी शर्यती होतात, पण सरावासाठी ते महिनोन्महिने मोकळे मिळत नाहीत. उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत उरतात मोजक्या हिमनद्या. त्या आक्रसत चालल्यामुळे थोड्या जागेत जास्त संघ गोळा होतात. झेरमॅट आणि चेर्विनियाच्या मधली, सीमेपलीकडे जाणारी नवी डाउनहिल आपण मोठ्या उमेदीने कॅलेंडरमध्ये घातली होती. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी हवामानाने तिथे एकही शर्यत होऊ दिली नाही. एवढा पैसा, एवढी यंत्रणा असलेल्या ठिकाणी ही गत. मग चार प्रशिक्षकांनी उभारलेल्या मार्गाची काय कथा?

आणि ज्याच्या जिवावर हे बेततं तो खेळाडू कोण असतो, तेही पाहा. किट्झब्यूलची डाउनहिल जिंकणाऱ्याला लाख युरोचं बक्षीस मिळतं, त्याचं नाव ऑस्ट्रियाभर होतं. असे विजेते एका पिढीत बोटांवर मोजण्याइतके. फ्रान्झोझोची वर्ल्ड कपमधली सर्वोत्तम कामगिरी होती 28 वा क्रमांक, कोर्तिनाच्या सुपर-जीत, 2023 मध्ये. पहिल्या 30 जणांनाच गुण मिळतात. 28 व्याला तीन. इटलीत अशा खेळाडूंना पोलीस किंवा सैन्याच्या क्रीडा पथकात नोकरी मिळते, म्हणून घर चालतं. फ्रान्झोझो आर्थिक पोलिसांच्या ‘फियामे जाल्ले’ या पथकात होता. तीन गुणांवरून तीस गुणांवर जायचं, संघातली जागा टिकवायची, घरच्या ऑलिंपिकच्या हंगामात निवड व्हावी म्हणून धडपडायचं. अशा मुलाने सकाळी मार्ग पाहून ‘या उडीखालची जाळी मला पुरेशी वाटत नाही, मी आज उतरणार नाही’ असं म्हणावं, ही अपेक्षाच गैर आहे. किल्देसारखा नावाजलेला खेळाडू कदाचित म्हणू शकेल. 25 वर्षांचा, 28 व्या क्रमांकाचा मुलगा म्हणणार नाही. म्हणून हा निर्णय त्याच्यावर सोडू नका.

या मुद्द्यावर नेहमी ऐकू येतं की हा खेळच धोक्याचा आहे आणि खेळाडू ते जाणून उतरतात. खेळाडू वेग स्वीकारतो, बर्फ स्वीकारतो, गुडघ्याची फाटलेली अस्थिबंधनं आणि त्यानंतरचे नऊ-दहा महिने स्वीकारतो. मार्गापासून सहा-सात मीटरवरचं कुंपण तो स्वीकारत नाही. ते तिथे आहे म्हणून असतं, आणि ते हलवणारं किंवा झाकणारं कुणी असलं तर नसतं. दुसरं सांगितलं जातं की जगातल्या प्रत्येक सरावाच्या उताराला शर्यतीइतक्या जाळ्या लावणं परवडणार नाही. प्रत्येक उताराला लावा असं मी म्हणतच नाही. ताशी 100 किलोमीटरने उतरायचं असेल तर ठरलेल्याच, तपासलेल्या उतारांवर उतरावं, एवढंच म्हणणं आहे.

आणि असं करता येतं, कारण झालेलं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या कॉपर माउंटनला अमेरिकन संघाने खास वेगाच्या सरावासाठी पूर्ण लांबीचा मार्ग उभा केला. कायमच्या जाळ्या, कृत्रिम बर्फाची यंत्रणा, हंगामाच्या सुरुवातीलाच तयार. इतर देशांचे संघही पैसे भरून तिथे सराव करतात, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तिथेच वर्ल्ड कपच्या शर्यती झाल्या. एका देशाचा महासंघ एका स्की केंद्राला सोबत घेऊन हे करू शकतो, तर जगाचा महासंघ दक्षिण गोलार्धात एक-दोन आणि आल्प्समध्ये दोन-तीन असे मार्ग का उभे करू शकत नाही? टीव्हीच्या हक्कांचा पैसा कुणी गोळा करायचा यावरून आपण आणि काही राष्ट्रीय महासंघ न्यायालयापर्यंत गेलात. त्या वादात बरोबर कोण हे मी सांगणार नाही. पण पैसा कुणाच्याही हाती येवो, त्यातला ठरावीक हिस्सा आधी या मार्गांसाठी बाजूला काढायचा, एवढ्यावर तरी दोन्ही बाजूंचं एकमत व्हावं.

माहितीचंही तसंच. ओस्लोच्या क्रीडा दुखापती संशोधन केंद्राबरोबर आपण 2006 मध्ये वर्ल्ड कपच्या खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवायला सुरुवात केलीत. गुडघ्याबद्दल आज जे कळलं आहे त्यातलं बरंच त्या नोंदींमुळे कळलं. दुखापतींचा मोठा वाटा शर्यतीबाहेरचा असतो, हेही त्याच अभ्यासांतून दिसलं आहे. पण एखाद्या सरावात खेळाडू जाळीपार गेला, तर ती जाळी कोणती होती, ओळी किती होत्या, ती कुठे संपत होती, मागे काय होतं, हे दुसऱ्या देशाच्या प्रशिक्षकाला कळायची सोय नाही. विमान कोसळलं की चौकशीचा अहवाल सगळ्या जगाच्या वैमानिकांना वाचायला मिळतो. इथे पोलिसांची आणि सरकारी वकिलांची चौकशी होते. तिचा हेतू दोषी ठरवणं हा असतो, पुढचा अपघात टाळणं हा नसतो. आणि ती त्या-त्या देशाच्या भाषेत, त्या-त्या न्यायालयात पडून राहते. लोरेन्झीच्या घरच्यांनी मुलीच्या नावे संस्था काढून सुरक्षित उतारांसाठी काम सुरू केलं आहे. मुलगी गेलेल्या आई-बापांनी दारोदार फिरून जे मागायचं, ते खरं तर आपल्या कार्यालयातून आदेश म्हणून निघायला हवं.

एअरबॅगचंही तेच. तिचा नियम शर्यतीचा आहे. जिथे आपला पंच नाही तिथे तो पाळला जातो की नाही हे पाहणार कोण? वर्ल्ड कपच्या खालच्या शर्यतींमध्ये तर वयाने आणखी लहान मुलं असतात. डिसेंबर 2017 मध्ये कॅनडातल्या लेक लुईसला अशाच एका शर्यतीत जर्मनीचा माक्स बुर्खार्ट पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो 17 वर्षांचा होता.

आपल्या पुढच्या सभेत हे ठराव यावेत अशी माझी विनंती आहे. वेगाच्या सरावासाठी मान्यताप्राप्त मार्गांची यादी जाहीर करावी आणि त्याबाहेरच्या उतारावर सराव केलेल्या राष्ट्रीय संघाला त्याचा जाब द्यावा लागावा. त्या मार्गांवर पहिल्या धावेआधी, स्वतः प्रशिक्षक नसलेल्या, आपण नेमलेल्या माणसाची सही लागावी. उडी बदलली, मार्ग वळवला, तर पुन्हा लागावी. सराव चालू असेपर्यंत डॉक्टर उतारावर असावा आणि सगळ्यांत जवळच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत किती मिनिटांत पोहोचता येतं हे आधी लिहून ठेवलेलं असावं. जाळीपार गेलेल्या प्रत्येक पडण्याचा तांत्रिक अहवाल, खेळाडूला काही झालेलं असो वा नसो, महिन्याभरात सगळ्या देशांच्या प्रशिक्षकांना मिळावा. एअरबॅग सरावातही सक्तीची करावी, आणि ज्या छोट्या देशांच्या खेळाडूंना ती परवडत नाही त्यांना महासंघाने द्यावी. भारताच्या महासंघाला माझं वेगळं सांगणं आहे: आपल्या मुलांपैकी आज वेगाच्या शर्यतीत कुणी नसलं तरी या ठरावाला अनुमोदन द्या. औलीच्या, गुलमर्गच्या उतारांवर उद्या कुणी सुपर-जीचा सराव करू पाहील, तेव्हा हाच नियम त्याच्या कामी येईल.

ऑगस्टमध्ये संघांचं सामान पुन्हा चिलीला रवाना होईल. त्याआधी ला पार्वाच्या त्या उताराची तपासणी आपल्या माणसांकडून झाली आहे का, आणि ते कुंपण अजून तिथेच आहे का, याचं लेखी उत्तर आपण जाहीरपणे द्यावं. मी आणि माझ्यासारखे बरेच जण त्याची वाट पाहत आहोत.

आपली,
वेंगेनच्या जाळीपाशी उभी राहणारी एक मराठी प्रेक्षक
बर्न, स्वित्झर्लंड